पुठ्ठ्याचा कीबोर्ड

माझ्या बहिणीची मुलगी बोलायची कमी, पण तिची बोटं कधी गप्प बसायची नाहीत. ताटाच्या काठावर, खिडकीच्या गजावर, माझ्या पाठीवर, जागा मिळेल तिथे टकटक, टकटक. वैतागून मी तिचं नावच टकटक ठेवलं. हजेरीपटावर तिचं एक छानसं नाव आहे, पण ते फक्त हजेरीपटालाच ठाऊक.

मी कपड्यांच्या वर्कशॉपमध्ये शिलाई मशीनवर बसते. बहीण गेली तेव्हापासून तिच्या घरासमोरच्या खोलीत राहते आणि दोन्ही घरांत तोंड घालते. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या साऱ्या जिन्याला माहीत आहे. पण या मुलीवर मी मनापासून रागावले ती एकदाच, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापतात. बहीणही तिथेच होती, खोकी चिकटवायच्या खळीच्या टेबलावर. दिवसभर हात गार खळीत. बोटांच्या बेचक्या चिरायच्या, मग पिकायच्या. आज आणतो, उद्या आणतो म्हणता म्हणता भाऊजींकडून रबरी हातमोजे आणायचे राहून गेले, आणि एका पावसाळ्यात ते पिकणं रक्तात उतरलं. तिला त्या टेबलावर जागा मिळवून दिली होती भाऊजींनीच, सुपरवायझरच्या मागे लागून. हे त्यांना कोणी बोलून दाखवलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझी जीभ कशी आहे ते मला माहीत आहे.

तेव्हापासून त्यांचं एकच: मुलगी त्या टेबलापाशी उभी राहता कामा नये.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय घ्यायची वेळ आली तेव्हा टकटकनं कॉम्प्युटर सायन्स घेतलं.

"यात शिकवतात काय?" भाऊजींनी विचारलं.

"समजा बाबा, एक माणूस आहे. सांगाल तेवढंच करतो. चुकीचं सांगितलंत तर चुकीचंही तेवढ्याच जोरात करतो. स्वतःचं डोकं म्हणून चालवत नाही. त्याच्याकडून काम कसं काढून घ्यायचं, ते शिकवतात."

"आमचा सुपरवायझर कुठे भेटला तुला?" भाऊजी म्हणाले.

भाऊजींचा विनोद म्हणजे ग्रहणासारखा, कधीतरीच लागायचा, त्यामुळे तो अजून लक्षात आहे.

शाळेच्या लॅबमध्ये मुलं भरपूर, मशीन मोजकी, आणि त्यातली अर्धी रुसलेली. एका मशीनवर तिघी. टकटकच्या गटात औषधवाल्याची मुलगी होती. तिच्या घरी स्वतःचं मशीन, हात सराईत, त्यामुळे खुर्चीत कायम तीच. टकटक मागे उभी राहून पडद्याकडे बघत सांगायची, ती बटणं बडवायची, आणि तिसरी खिडकीबाहेर बघायची. कधीमधी टकटकला खुर्ची मिळालीच, तर एकेक अक्षर शोधेपर्यंत तास संपायचा.

पहिल्या वर्षाच्या शेवटच्या पालकसभेला भाऊजींबरोबर मीही गेले. कॉम्प्युटरचे सर सरळ माणूस होते. म्हणाले, "मुलगी फार हुशार आहे. फळ्यावर मी चुकलो तर हीच दाखवते. पण प्रॅक्टिकलला एकटीनं बसायचं असतं, आणि हिचा हात अजिबात बसलेला नाही. दोन प्रोग्राम लिहून, चालवून दाखवायचे असतात. या वेगानं वेळ पुरायचा नाही."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मोठ्या तंत्रशाळेत अशा मुलींसाठी राहण्याजेवणासकट फुकट जागा असते. आमच्या शाळेतून एकच. अट एवढीच की कॉम्प्युटर सायन्समध्ये पहिला वर्ग हवा.

"ही जागा हिचीच आहे," सर म्हणाले, "हात चालला तर."

घरी मशीन आणण्याची तर गोष्टच नको. पुढच्या आठवड्यात भाऊजी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या डिस्पॅच ऑफिसात जायला लागले. तिथल्या कारकुनाचा कीबोर्ड होता. त्याला गोड बोलून भाऊजींनी त्यावर बटरपेपर पसरला आणि एकेक बटण पेन्सिलीनं उतरवून घेतलं. भाऊजींना इंग्रजी वाचता येत नाही. अक्षरं त्यांनी चित्रं काढावीत तशी काढली, कुठली दांडी कुठे वळते ते बघून बघून.

नंतर कितीतरी दिवस घरात पुठ्ठ्याचा भुसा. कडक पुठ्ठ्याची बटणं, प्रत्येकाखाली पॅकिंगच्या फोमचा तुकडा, म्हणजे दाबलं की खाली जायचं आणि सोडलं की वर यायचं. वर काळ्या शाईनं अक्षर, त्यावर चिकटपट्टी, शाई पुसू नये म्हणून. माझी शिवण इतकी सरळ येत नाही, आणि मी स्वतःला कारागीर समजते.

टकटकनं तो समोर घेतला आणि एक बटण दाबलं.

"बाबा, आवाजसुद्धा येतो की!"

भाऊजी दाराकडे बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण तसं म्हटलेलं त्यांना आवडत नाही.

"छान," मी म्हटलं. "आता नोकरीही पुठ्ठ्याची शोधू आणि नवराही पुठ्ठ्याचा बघू."

"चालेल की मावशी. फार बोलायला लागला तर पाण्यात घालता येईल."

रोज संध्याकाळी ती त्यावर बसायची. पुस्तकातले प्रोग्राम शेजारी उघडे, समोर भाऊजी चहाचा कप घेऊन. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोटं बघायची त्यांना हौस. सरांनी कधीतरी सांगितलं होतं की खरा हात तोच, जो खाली न बघता चालतो. ते भाऊजींनी इतकं मनावर घेतलं की पुठ्ठ्याचा एक रुंद तुकडा कापून आणला आणि तिच्या हातांवर छपरासारखा धरायला लागले. हात अवघडला की दुसऱ्या हातात घ्यायचे. सुरुवातीला ती अडखळायची, मग कमी, मग अजिबात नाही. शेवटी शेवटी तर पुठ्ठ्याखालून नुसता पावसाची सर आल्यासारखा आवाज यायचा.

दुसऱ्या वर्षी शाळा उघडली आणि लॅबचं वायरिंग जळालं. दुरुस्ती होईल, होईल म्हणत वर्ष गेलं. सर खडूफळ्यावर शिकवत राहिले. औषधवाल्याच्या मुलीच्या घरी मशीन होतं, तिचं काही अडलं नाही. टकटकला आमच्या पुठ्ठ्याशिवाय दुसरा कीबोर्ड वर्षभर दिसला नाही.

प्रॅक्टिकल दुसऱ्या एका शाळेत होतं. भाऊजींनी रजा टाकली, मीही टाकली. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही दोघं बसून राहिलो. ती बाहेर आली तेव्हा भाऊजी धावलेच.

"चालला ना हात?"

"चालला, बाबा. सगळ्यांत जोरात माझाच चालला."

भाऊजींच्या जिवात जीव आला. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि चहावाल्यानं न विचारताच त्याला सांगून टाकलं की ही माझी मुलगी.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मी एका सदऱ्याचे दोरे तोडत होते. बराच वेळ गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाजच येत नव्हता. तिचे दोन्ही हात मांडीवर नुसते पडले होते. मी सदरा बाजूला ठेवला.

तिनं हळूहळू सांगितलं. प्रश्न सोपे होते. वाचता वाचताच दोन्ही प्रोग्राम तिच्या डोक्यात तयार झाले. घरच्या सवयीनं नजर कागदावर ठेवून तिनं पहिला प्रोग्राम सरसर टाईप केला. शेजारची मुलं वळून बघायला लागली. मग तिनं तो चालवला, आणि पडदा वरपासून खालपर्यंत चुकांनी भरून गेला.

तिनं स्वतःच्या चुका अशा कधी बघितल्याच नव्हत्या. पुठ्ठा काही चूक दाखवत नाही. मशीन जुनं, अक्षरं बारीक आणि भुरकट. तिला वाटलं, आपला विचारच चुकला. मग तिनं तो चांगला प्रोग्राम मोडायला घेतला. इथली ओळ तिथे, तिथली इथे. जितकं बदलावं तितक्या चुका वाढत गेल्या. अगदी शेवटी तिनं खाली कीबोर्डकडे बघितलं. खालच्या ओळीत शेजारी शेजारी दोन अक्षरं, एन आणि एम. आमच्या पुठ्ठ्यावर आधी एम होता आणि मग एन.

"म्हणजे पहिल्या ओळीपासून प्रत्येक एन आणि एम उलटा पडला होता, मावशी. बाकी सगळं बरोबर होतं. डोक्यात होतं तसंच होतं. पण तोवर मी सगळं उसकटून टाकलं होतं. मग घंटा झाली."

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा डबा द्यायच्या निमित्तानं ती डिस्पॅच ऑफिसात डोकावून आली. तिथल्या कीबोर्डवर तसंच होतं, आधी एम, मग एन. केव्हातरी त्यावर चहा सांडला असेल, बटणं काढून पुसली असतील आणि लावताना दोन इकडची तिकडे झाली असतील. कारकून दिवसभर खोक्यांचे आकडे तेवढे मारतो. त्याला कशाला कळतंय?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चल, आत्ताच्या आत्ता भाऊजींना सांगू."

तिनं माझं मनगट धरलं. "नाही सांगायचं."

"का नाही सांगायचं? तुझा बाप आहे तो. चुकला तर चुकला."

"मावशी, आईच्या हातमोज्यांचं अजून त्यांच्या मनातून गेलेलं नाही. झोपेत बोलतात ते. आईला टेबलावर मी उभं केलं, म्हणतात. आता मलाही त्यांनीच... नाही. तू शपथ घे."

ती आपल्या आईसारखी बघत होती. मी शपथ घेतली.

निकाल लागला. बाकी विषयांत भरघोस मार्क आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये नापास. सर स्वतः घरी आले. त्यांना काही उलगडत नव्हतं. म्हणाले, घाबरली असेल. काही महिन्यांनी परत परीक्षा आहे, तोवर तंत्रशाळा थांबायला तयार आहे, अट मात्र तीच.

सर गेले आणि भाऊजींनी कपाटावरून पुठ्ठा काढून पुसला. "सराव कमी पडला गं पोरी. आता रोज दुप्पट करू."

मला वाटलं, ती काहीतरी सबब सांगेल. डोकं दुखतंय म्हणेल, कंटाळा आला म्हणेल. ती हसली आणि बसली. भाऊजींनी वर छप्पर धरलं.

हाताची सवय काय असते ते मला विचारा. आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन मशीन आली तेव्हा कापडावरचा दाब गुडघ्यानं उचलायची दांडी दुसऱ्या बाजूला होती. डोक्याला पहिल्याच दिवशी कळलं, पण गुडघ्याला कळेपर्यंत मी ढिगानं कपडे खराब केले. ते सुटलं, कारण जुनी मशीन भंगारात गेली होती. हिला तसं कोणी सुटूच देत नव्हतं. दुपारी ती माझ्या खोलीत फरशीवर खडूनं खरा कीबोर्ड काढायची आणि बोटांना वळण लावायची. दुपारभर जे सुधारायचं, ते संध्याकाळी तिचा बाप मायेनं मोडून ठेवायचा, आणि तीही मोडू द्यायची. बोटांना काहीच धड कळेनासं झालं. कधी एक बरोबर पडायचं, कधी दुसरं, आणि कुठलं केव्हा ते तिलाही सांगता यायचं नाही.

शेवटी मला राहवलं नाही. भाऊजी कामावर आणि ती बाहेर गेलेली असताना मी कात्रीच्या टोकानं ती दोन बटणं अलगद उचकटली, अदलाबदल केली आणि चिकटवून टाकली. न सांगायची शपथ घेतली होती, न चिकटवायची नव्हती घेतली. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

संध्याकाळी भाऊजी समोर बसले. छप्पर उचललं आणि थांबले. वाकले. अंगठा फिरवला.

"हे दोन कोणी हलवले?"

त्यांनी ट्रंकेतून बटरपेपर काढला आणि पुठ्ठ्यावर पसरला. वाचता येत नसलेला माणूस, पण एकेक अक्षराची दांडी त्याच्या ओळखीची होती.

"बघितलंस? अदलाबदल झाली. फोम सुटला असेल आणि कोणीतरी घाईत लावलं असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण रागानं नाही. "बरं झालं वेळेत दिसलं. नाहीतर पोरीचं केवढं नुकसान झालं असतं."

मग त्यांनी कटरनं दोन्ही बटणं सोडवली, जुना डिंक खरवडला आणि पुन्हा लावली. वर ओझं ठेवून सुकेपर्यंत वाट बघितली. टकटक माझ्याकडे बघत होती, मी उठून उगाच चहा ठेवायला गेले. पातेलं हातातून सुटलं, माझा नुसता संताप होत होता. त्यांच्यावर रागवावं तर त्यांना माहीत नाही, आणि हिला माहीत आहे तर ही गप्प.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी भाऊजी खांद्याला पिशवी अडकवून निघाले. फाटकाजवळच्या कट्ट्यावर त्यांनी पिशवीतून पुठ्ठा काढला.

"आत जायच्या आधी जरा हात मोकळा करून घे."

आजूबाजूला परीक्षेची मुलं होती. दोघंतिघं बघून हसली. मला वाटलं होतं, निदान आज तरी ती नको म्हणेल. तिनं पुठ्ठा मांडीवर घेतला आणि भाऊजींनी वर छप्पर धरलं. ती पूर्ण वेगानं चालवत राहिली, तोंडावर हसू ठेवून. हसणारी मुलं गप्प झाली. भाऊजी त्यांच्याकडे अशा तोऱ्यात बघत होते की जणू म्हणत होते, आता हसा. मला त्या क्षणी तिचा चांगुलपणा सहन होईना. थोबाडीत मारावीशी वाटली, खरंच सांगते. दुसऱ्यांदा जे घडलं ते काही अज्ञानातून नव्हतं. ती जाणूनबुजून स्वतःच्या हातांत ते विष घालून आत गेली.

आत तिनं धान्य निवडावं तसं एकेक बटण बघून टाईप केलं. जरा घाई केली की बोटं पुठ्ठ्यावर जायची, मग मागे येऊन शोधा, पुसा. पहिला प्रोग्राम चालला. दुसरा अर्ध्यावर असताना वेळ संपला.

ती पास झाली. पहिला वर्ग आला नाही. तंत्रशाळेनं जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली, आणि त्यांचंही काही चुकलं नाही.

वर्षभर तिनं दुकानं पालथी घातली, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी सुपरवायझर म्हणाला, खळीच्या टेबलावर एक जागा आहे. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आधी जाऊन रबरी हातमोजे घेऊन आले, जाड, कोपरापर्यंतचे. ती रोज ते घालून आईच्या जागेवर उभी राहते. हात धड आहेत तिचे, चिरलेले नाहीत. टेबलावरही बोटं चालत असतील कदाचित, पण रबरातून आवाज येत नाही.

कोणी विचारलं तर भाऊजी म्हणतात, "नशीब नव्हतं. पण तयारीत कसर ठेवली नव्हती आम्ही."

मागच्या महिन्यात डिस्पॅच ऑफिसात नवीन मशीन आलं. जुना कीबोर्ड भंगारात जाणार होता, तो कारकुनानं भाऊजींना दिला. हसत म्हणाला म्हणे, घेऊन जा, यानंच तुमच्या मुलीला शिकवलं ना. भाऊजींनी तो घरी आणला, ओल्या फडक्यानं पुसला आणि टेबलावर पुठ्ठ्याच्या शेजारी ठेवला. मलाही हाक मारली. मग एक बोट खऱ्यावर आणि एक बोट पुठ्ठ्यावर ठेवून ते पहिल्या ओळीपासून बटणामागून बटण जुळवत गेले. खालच्या ओळीत ते त्या दोन बटणांवर आले. दोन्हीकडे आधी एम, मग एन.

"बघ," ते म्हणाले. इतकं खूश मी त्यांना बहीण गेल्यापासून बघितलं नव्हतं. "एका अक्षराचा फरक नाही."

टकटक नुकतीच कामावरून येऊन हात पुसत होती. तिनं वाकून दोन्हीकडे बघितलं.

"नाही, बाबा. जरासुद्धा नाही."

"जरा चालव की. आता खऱ्यावर."

त्या कीबोर्डची वायर टेबलाखाली नुसती लोंबत होती. ती खुर्ची ओढून बसली. भाऊजींनी कपाटावरून तो रुंद तुकडा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या हातांवर धरला.